भिंतीलाही नाडी असते?

मागच्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घेऊन नाडी काढली. उत्तर आलं मिनिटाला ७२ ठोके. स्वारी खूश! मग सहज म्हणून मागच्या भिंतीचा तुकडा त्याच प्रोग्रॅममध्ये घातला, तर तिचीही नाडी ७२. ही भानगड काय ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

मूळ कल्पना जुनी आहे. १९३७-३८ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईसला आल्रिक हर्ट्झमन बोटांवर प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश फोटोसेलने मोजत होते. प्रत्येक ठोक्याला त्वचेतलं रक्त किंचित वाढतं, जास्त प्रकाश शोषला जातो, परत कमी येतो. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटरचा चिमटाही याच घराण्यातला.

मग चिमटा काढून कॅमेरा लावायला इतकी वर्षं का लागली? मधल्या काळात कॅमेऱ्याचे प्रयोग झाले, पण त्यांना खास दिवे लागत. २००८ मध्ये व्हर्क्राय्स, स्वासांड आणि नेल्सन यांनी साधा डिजिटल कॅमेरा, मीटरभराहून जास्त अंतर आणि खोलीतला नेहमीचा उजेड एवढ्यावर हृदयगती आणि श्वसनदर दोन्ही काढून दाखवले. सगळ्यात ठळक सिग्नल हिरव्या चॅनेलमध्ये मिळाला, कारण हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. माझ्या मते अडचण उपकरणापेक्षा विश्वासाची होती. एका पिक्सेलची किंमत ० ते २५५ मध्ये असते आणि नाडीमुळे होणारा बदल बऱ्याचदा एका पायरीपेक्षाही कमी. तिथे काही सापडेल असं कोणाला वाटणार? पण १०,००० पिक्सेलची सरासरी घेतली की स्वतंत्र नॉइज साधारण १०० पटीने खाली येतो. बारावीतलं वर्गमूळ, बाकी काही नाही.

२०१० मध्ये एमआयटीच्या पो, मॅकडफ आणि पिकार्ड यांनी साध्या वेबकॅमच्या तीन रंगांतून नाडी वेगळी काढली. स्वयंसेवक फक्त १२. पुढच्या वर्षी त्यांनी ठोक्यांमधल्या अंतरावरून श्वासही मोजला. श्वास घेताना हृदय थोडं घाईत असतं, सोडताना निवांत. २०१३ मध्ये डी हान आणि जान यांनी रंगांची अशी वजाबाकी बसवली, की मान हलली तरी आकडा फारसा बिघडत नाही.

आता भिंत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. माझा कॅमेरा २५ फ्रेम सांगत होता, प्रत्यक्षात देत होता २४.७. त्याची चौपट ९८.८, १०० मधून वजा केली की उरतात १.२ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला बरोबर ७२! ऑक्सफर्डच्या तारासेन्को यांच्या गटाने २०१४ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांवर काम करताना दिव्याचा असाच खोटा सिग्नल गणिताने काढून टाकला होता. तो पेपर मी आधी वाचला होता, हे सांगायला लाज वाटते. आता प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये भिंतीचा एक चौकोन ठेवतोच.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सावळ्या त्वचेत मेलॅनिन बराचसा प्रकाश आधीच पिऊन टाकतं; सिग्नल लहान होतो, कॅमेऱ्याचा नॉइज तेवढाच राहतो. राइस विद्यापीठातल्या मयंक कुमार, अशोक वीरराघवन आणि आशुतोष सभरवाल यांनी २०१५ मध्ये चेहऱ्याच्या ज्या भागात सिग्नल चांगला, त्याला जास्त वजन देऊन यावर उपाय केला. फायदा झाला, पण दरी बुजली नाही. म्हणून पेपर हातात घेतला की अचूकतेच्या आकड्याआधी मी स्वयंसेवकांचा परिच्छेद शोधतो. बऱ्याचदा त्वचेच्या रंगाचा उल्लेखच नसतो.