जैव-भूरासायनिक आर्गो

महासागरातील सूक्ष्मजीव, निलंबित कण व पाण्याचे रासायनिक गुणधर्म यांची मापे घेणाऱ्या स्वयंचलित फ्लोटचे जागतिक जाळे. तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या आर्गो प्रकल्पाचा हा विस्तार असून त्याचे उद्दिष्ट १,००० फ्लोटचे आहे.

कार्यपद्धती : फ्लोट साधारणपणे १,००० मी. खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो. दर दहा दिवसांनी तो २,००० मी.पर्यंत उतरतो आणि वर येताना मापे घेतो. बाहेरील लवचीक पिशवीत तेल सोडले की त्याचे आकारमान वाढून तो वर चढतो. तेल आत ओढले की खाली जातो. पृष्ठभागावर आल्यावर नोंदी उपग्रहामार्फत पाठवल्या जातात.

प्रकाशीय संवेदक : वनस्पतिप्लवकांवर निळा प्रकाश टाकला असता त्यांतील हरितद्रव्य लाल प्रकाश उत्सर्जित करते, त्याच्या तीव्रतेवरून हरितद्रव्याचे प्रमाण काढतात. कणांवरून मागे विखुरणाऱ्या प्रकाशावरून कणरूप कार्बनचा अंदाज येतो. नायट्रेट अतिनील किरणांच्या शोषणावरून मोजतात. किरणमापक सूर्यप्रकाश किती खोल पोहोचतो ते नोंदवतो. पीएच संवेदक मात्र प्रकाशीय नसतो.

मापांचा अर्थ : संवेदक प्रकाश मोजतात, जीवभार त्यावरून अनुमानाने काढावा लागतो. प्रखर उन्हात हरितद्रव्याचे उत्सर्जन मंदावते आणि दिवसा पृष्ठभागाजवळ हरितद्रव्य प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. उलट, खोल अंधुक थरात पेशी अधिक हरितद्रव्य साठवतात. म्हणून तेथे ते वाढलेले दिसले, तरी जीवभार वाढलेला असेलच असे नाही. हरितद्रव्य व विखुरलेला प्रकाश यांची मापे एकत्र तपासल्यास हा भेद कळतो.

उपयोग : २००१ मध्ये उत्तर पॅसिफिकमधील अशा सुरुवातीच्या फ्लोटनी, गोबी वाळवंटातील धूळ वाहून आल्यावर वरच्या थरातील कणरूप कार्बन सुमारे दोन आठवड्यांत जवळजवळ दुप्पट झाल्याचे टिपले. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या धुरानंतर दक्षिण महासागरात वाढलेल्या वनस्पतिप्लवकांच्या अभ्यासातही फ्लोटच्या नोंदी वापरल्या गेल्या. उपग्रहांना समुद्राचा केवळ वरचा थर दिसतो, तोही ढग नसताना. त्यामुळे पावसाळ्यातील अरबी समुद्रासाठी फ्लोट विशेष मोलाचे ठरतात. तेथील ऑक्सिजन-न्यून थराचाही अभ्यास त्यांद्वारे होतो. भारतात आर्गोचे काम हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहते. जाळ्याच्या नोंदी सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत.