हिशेब चुकता करताना : सेवासमाप्तीच्या देण्यांची आकडेमोड

नोकरी संपल्यावर कामगाराच्या खात्यात बहुधा एकच रक्कम जमा होते आणि ती एकच देणे असल्याचा समज होतो. वस्तुतः त्या आकड्यात शेवटच्या दिवसांचे वेतन, शिल्लक रजेचा मोबदला, नोटिशीच्या काळाचे वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी आणि कामगार कपात झाली असल्यास तिची भरपाई अशी निरनिराळी देणी मिसळलेली असतात. प्रत्येकाचा आधार वेगळा, भागाकाराचा आकडा वेगळा आणि मुदतही वेगळी. ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ या मजकुराखाली सही करण्यापूर्वी ही देणी सुटी करून तपासली नाहीत, तर दीर्घ सेवेनंतर अर्ध्या लाखाहून अधिक रुपयांचा फरक सहज नजरेआड होतो.

या हिशेबाचा पाया अलीकडेच बदलला आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आणल्या. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे सारे त्यांत सामावले गेले. जुनी सूत्रे बव्हंशी तशीच राहिली. मात्र त्या सूत्रांत जो ‘वेतन’ नावाचा आकडा घालायचा, त्याची व्याख्या बदलली.

वेतन कशाला म्हणायचे?

पूर्वी ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच धरले जाई. त्यामुळे मूळ वेतन तुटपुंजे ठेवून उरलेला पगार भत्त्यांत वाटण्याची रीत अनेक आस्थापनांत रूढ झाली. नव्या व्याख्येतही घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, अतिकालिक कामाचा मोबदला आदी बाबी वेतनातून वगळलेल्या आहेत. पण वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरावी लागते.

एका काल्पनिक कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याचा एकूण पगार दरमहा ४०,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता १४,०००, घरभाडे भत्ता १६,००० आणि प्रवास भत्ता १०,००० रुपये. भत्ते झाले २६,०००. निम्मी मर्यादा २०,०००. वरचे ६,००० रुपये मूळ वेतनात मिळवावयाचे, म्हणजे हिशेबाचे वेतन २०,००० रुपये ठरते. सेवा १८ वर्षे ७ महिन्यांची आहे. सहा महिन्यांहून अधिक असलेला अपुरा काळ पूर्ण वर्ष मानला जात असल्याने ती १९ वर्षे धरायची.

ग्रॅच्युइटीचे सूत्र असे : शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे, भागिले २६. जुन्या पद्धतीने १४,००० रुपयांवर ती १,५३,४६२ रुपये येते. नव्या व्याख्येनुसार २०,००० रुपयांवर २,१९,२३१ रुपये. फरक ६५,७६९ रुपयांचा. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जात असल्याने, २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सेवा संपलेल्या कामगाराने आपला हिशेब कोणत्या वेतनावर केला आहे, ही पहिली चौकशी करावयास हवी.

२६ आणि ३०

ग्रॅच्युइटीत भागाकार २६ ने का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. महिन्यातील चार साप्ताहिक सुट्या वगळता कामाचे दिवस २६ उरतात आणि मासिक वेतन हे त्या २६ दिवसांच्या श्रमाचे मोल आहे, असा त्यामागील विचार. जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो मान्य केला आणि पुढे तो कायद्याच्या मजकुरातच आला. ३० ने भागल्यास वरील उदाहरणातील रक्कम १,९०,००० रुपयांवर उतरते, म्हणजे २९,२३१ रुपये कमी.

गंमत अशी, की कामगार कपातीच्या भरपाईतही ‘१५ दिवस’ हेच शब्द आहेत; तरीही तेथे २६ चालत नाही. त्या तरतुदीत १५ दिवसांची सरासरी म्हणजे महिन्याचा निम्मा पगार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुरू जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात २००७ मध्ये दिला. म्हणून याच कामगाराची कपात झाली, तर भरपाई १०,००० गुणिले १९, म्हणजे १,९०,००० रुपये. ती ग्रॅच्युइटीशिवाय द्यावयाची असते. एक दिली म्हणून दुसरी टळत नाही. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबदली वेतन द्यावे लागते. ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत तीन महिन्यांची नोटीस व सरकारची पूर्वपरवानगी लागते. औद्योगिक संबंध संहितेने पुनर्कौशल्य निधीची भर घातली असून, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत जमा व्हावयाचे असते. मात्र कपातीचे हे लाभ ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच आहेत. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक त्यात येत नाहीत. राजीनामा देणाऱ्यासही ही भरपाई नाही. कपातीऐवजी राजीनामा लिहून मागितला गेल्यास तो देण्यापूर्वी हा आकडा समोर असावा.

पाच वर्षांची अट

ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे सेवा संपल्यास ही अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांस आता एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. श्रमिक पत्रकारांसाठी पाचाऐवजी तीन वर्षे पुरतात, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षे झाली असे मानावे, हा मद्रास उच्च न्यायालयाचा दृष्टिकोन. पण त्यावर सर्वत्र एकमत नाही.

महाराष्ट्रात दोन वर्गांचा हिशेब थोडा वेगळा होतो. साखर कारखान्यांतील जे कामगार केवळ गळीत हंगामापुरते कामावर असतात, त्यांना प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर नगावर मजुरी घेणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची दैनिक सरासरी काढतात. अतिकालिक कामाचे पैसे तीत धरत नाहीत. मात्र दुकान वा आस्थापनेत दहा माणसे असावी लागतात. एकदा कायदा लागू झाला, की पुढे संख्या घटली तरी तो लागूच राहतो. कायद्याने देय ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा मार्च २०१८ पासून २० लाख रुपये आहे. करारात अधिक रक्कम ठरली असल्यास ती द्यावी लागते.

दोन दिवस आणि तीस दिवस

नव्या संहितांविषयी सर्वाधिक घोळ मुदतीबाबत दिसतो. वेतन संहितेनुसार बडतर्फी, कपात, राजीनामा किंवा आस्थापना बंद पडणे, यांपैकी कोणत्याही कारणाने नोकरी संपली तरी थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. पूर्वीच्या कायद्यात ही त्वरा मालकाने काढून टाकलेल्यांपुरती होती; राजीनामा देणाऱ्यास पगाराच्या नेहमीच्या तारखेची वाट पाहावी लागे. परंतु दोन दिवसांची ही मुदत वेतनाची आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि विलंब झाल्यास व्याज लागते. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही, तरी रक्कम निश्चित करून कळविण्याचे कर्तव्य मालकाचेच आहे.

रजेचा हिशेब तुलनेने सोपा आहे. कारखान्यांत दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. तिच्यासाठी पूर्वी वर्षात २४० दिवस काम आवश्यक होते, आता १८० दिवस पुरतात. दुकाने व कचेऱ्यांना लागू असलेल्या राज्याच्या २०१७ च्या अधिनियमात ४५ दिवसांपर्यंत रजा साठविता येते. बोनस वर्षअखेरीस जाहीर होत असला, तरी त्या हिशेबी वर्षात ३० दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याचा किमान ८.३३ टक्क्यांचा हक्क नोकरी सोडल्याने बुडत नाही.

वजावटींकडे मात्र बारकाईने पाहावे. अपुऱ्या नोटिशीची वसुली, उचल, कर्जाचा हप्ता हे सारे धरूनही एका वेतनकाळातील वजावट वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. नोटिशीचे दिवस वसूल करताना २६ ने आणि शेवटच्या दिवसांचा पगार देताना ३० ने भागलेले आढळल्यास खुलासा मागावा. एकाच हिशेबात दोन दर असण्याचे कारण नाही.

ग्रॅच्युइटी रोखता येते ती थोड्याच कारणांनी. मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान केल्यास त्या नुकसानीपुरती, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी बडतर्फी झाल्यास अंशतः वा पूर्ण. यासाठी फौजदारी शिक्षा झालीच पाहिजे असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२५ रोजी म्हटले. त्याच निकालात भाड्याच्या रकमेचा अपहार केलेल्या एसटी वाहकांची संपूर्ण ग्रॅच्युइटी न रोखता जप्ती २५ टक्क्यांपुरती ठेवण्यात आली.

भविष्य निर्वाह निधी या हिशेबात येत नाही. तो निधी संघटनेकडून मिळतो. दुसरी नोकरी लागणार असेल तर तोच सार्वत्रिक खाते क्रमांक पुढे चालवावा, कारण निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा मोजली जाते आणि मधेच पैसे काढल्यास आधीची वर्षे हातची जातात. सेवेत असताना कामगाराचा मृत्यू झाल्यास निधीशी निगडित विम्यातून वारसांना कमाल सात लाख रुपये मिळू शकतात. हे कुटुंबीयांनी आवर्जून विचारावे.

मालकच दिवाळखोरीत गेला, तर प्रश्न बिकट होतो. कंपनी अवसायनात निघाल्यास कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने फेडली जातात, तर भविष्य निर्वाह, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी निधीतील पैसा विक्रीस काढलेल्या मालमत्तेत मोडत नाही. एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणे थांबलेल्या मुंबईच्या जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

हिशेब पटला नाही तर सहीसोबत ‘हरकत राखून’ असे लिहिता येते. वेतनाचा दावा वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तेथे मालकावर असते. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे. दोन्ही ठिकाणी नियुक्तिपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, रजेच्या नोंदीचा उतारा आणि सेवा संपल्याचे पत्र लागते, तेव्हा ओळखपत्र परत करण्याच्या दिवशीच या कागदांच्या प्रती मागून घ्याव्यात.