कोकणात भाड्याच्या बंगल्यावर छोटं बीच वेडिंग करायचंय? बंगल्याच्या आधी तिथी बघा

चाळीस-पन्नास माणसं, नारळी-पोफळीच्या वाडीतला एखादा बंगला, समोर वाळू आणि मावळतीच्या उन्हात धरलेला अंतरपाट. अशा लग्नांचे व्हिडिओ बघून अनेक जोडपी अलिबाग, काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली इथले बंगले शोधायला लागतात. हॉलचं भाडं वाचतं, पाचशे पानांची पंगत टळते आणि घरची माणसं दोन दिवस एकत्र राहतात.

पण भाड्याने मिळतो तो बंगला. समोरचा समुद्रकिनारा कुणाच्याच मालकीचा नसतो आणि तो दिवसभर एकसारखाही नसतो. दुपारी चार वाजता जिथे खुर्च्या मांडल्या, तिथे सात वाजता गुडघाभर पाणी असू शकतं. म्हणून या लग्नाचं नियोजन बंगल्यापासून सुरू न करता तिथीपासून करावं लागतं.

तिथीवरून भरती कशी कळते?

कोकणातले मच्छीमार पिढ्यानपिढ्या एक सोपा हिशोब वापरतात. त्या दिवशीच्या तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. जे उत्तर येईल, त्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा आणि अमावास्या म्हणजे पंधरा.

उदाहरणार्थ चतुर्थी. चार गुणिले तीन म्हणजे बारा, भागिले चार म्हणजे तीन. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. हा अदमास आहे, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तारीख पक्की करताना त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावंच. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था भरतीचे अंदाज देते, आणि गावातला कुठलाही नाखवा तोंडी सांगतो.

संध्याकाळच्या मुहूर्ताला कुठली तिथी बरी?

किनाऱ्यावरचं लग्न बहुतेक गोरज मुहूर्तावर धरतात, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपास. संध्याकाळचे सहा धरून हिशोब केला तर चित्र असं दिसतं.

- पौर्णिमा आणि अमावास्या: भरती अकरा ते बाराच्या सुमारास, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी सगळ्यात लांब जातं आणि भरपूर ओली, घट्ट वाळू मिळते. पौर्णिमेला सूर्य समुद्रात बुडत असताना मागे वाडीच्या बाजूने चंद्र वर येतो.
- चतुर्थी-पंचमी: भरती तीन ते चारच्या दरम्यान होऊन गेलेली, पाणी उतरतं. लाटा जवळ, पण मांडवाला धोका कमी.
- अष्टमी-नवमी: सहा-सातच्या सुमारास भरती. हे भांगाचे दिवस, त्यामुळे पाणी उधाणाइतकं वर चढत नाही. तरी अरुंद किनाऱ्यावर जागा उरत नाही.
- एकादशी ते त्रयोदशी: भरती रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. सगळ्यात फसवे दिवस हेच. मंगलाष्टकं कोरड्या वाळूवर होतात आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत पाणी टेबलाखाली येतं.

उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक जास्त असतो, सिंधुदुर्गाकडे जाताना तो कमी होत जातो. किनारा किती उतरता आहे यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून बंगला बघायला जाताना शक्यतो लग्नाच्या तिथीलाच, एक-दोन महिने आधी जावं. त्या संध्याकाळी पाणी कुठपर्यंत येतं, हे डोळ्यांनी दिसतं.

कुठला महिना धरावा?

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि तेव्हाच कोकणातली हवाही निवळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. डिसेंबरच्या मध्यावर अलिबागच्या बाजूला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. पत्रिकेत वेळ छापण्याआधी हा एक तासाचा फरक लक्षात घ्यावा.

मार्चपासून दुपारनंतर समुद्राकडून वारा जोर धरतो. मे अखेर आणि जूनचा पहिला आठवडा जोखमीचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. त्यामुळे बंगल्याच्या करारात ‘वादळाचा इशारा असल्यास तारीख बदलून मिळेल’ ही ओळ लिहून घ्यावी.

बंगल्यात काय तपासायचं?

पहिला प्रश्न पाण्याचा. बारा जणांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या घरात पन्नास माणसं दिवसभर वावरणार असतात. माणशी चाळीस लिटर धरलं तरी दोन हजार लिटर लागतं, आणि अनेक घरांवर हजार लिटरचीच टाकी असते. विहिरीला पाणी किती, पंप कितीदा लावावा लागतो, शौचालयं किती आणि शोषखड्डा कधी उपसला होता, हे विचारायला लाजू नये.

दुसरा प्रश्न विजेचा. दिवे, स्पीकर, फ्रीज आणि एसी एकदम लावले की घरगुती जोडणी दम तोडते. जनरेटर भाड्याने आणावा आणि तो ठेवायची जागा आधी ठरवावी, नाहीतर मंगलाष्टकांच्या वेळी त्याचाच आवाज ऐकू येतो.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. वाड्यांमधल्या पाखाड्या अरुंद असतात, मोठी बस आत येत नाही. आजी-आजोबांना शेवटचे दोनशे मीटर कसं आणायचं, हे ठरलेलं असावं.

चौथा प्रश्न कागदपत्रांचा. घर मुक्कामासाठी देणं वेगळं आणि तिथे समारंभाला परवानगी देणं वेगळं. मुक्कामाला किती, दिवसभराला किती, स्वयंपाक कोण करणार, मांडव कुठे, अनामत किती आणि ती कधी परत, हे सगळं लेखी असावं. समुद्राला अगदी लागून असलेलं घर अधिकृत आहे ना, हेही मालकाला विचारावं. मार्च २०१९ मध्ये किहीम इथला नीरव मोदीचा बंगला किनारी नियम मोडून बांधल्याच्या कारणावरून प्रशासनाने सुरुंग लावून पाडला होता.

किनाऱ्यावर काय चालतं, काय नाही?

कमाल भरती रेषेपासून जमिनीच्या बाजूचा पट्टा सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतो. वाळूवर मांडव, स्टेज किंवा खुर्च्या टाकायच्या असतील तर आधी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात जाऊन लेखी विचारावं. तहसील कार्यालय किंवा महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते का, हे तिथेच कळतं. ‘आमच्या इथे सगळे करतात’ एवढ्या बंगलेवाल्याच्या शब्दावर राहू नये.

लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि शेजारच्या वाडीतली माणसं पहाटे उठणारी असतात. दारू ठेवायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. सार्वजनिक किनाऱ्यावर पिणं हा गुन्हा आहे आणि गोव्यातून परवान्याशिवाय बाटल्या आणणंही. ड्रोन उडवणाऱ्याने तो भाग कुठल्या क्षेत्रात येतो, हे सरकारी नकाशावर आधी बघावं.

वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हिवाळ्यात माद्या रात्री वाळूवर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडून समुद्राच्या उजेडाकडे धावतात. झगझगीत दिवे लावले की ती उलट्या दिशेला जातात. नेमका हाच लग्नाचा हंगाम असल्याने अशा गावांत अंधार पडल्यावर किनाऱ्यावर कार्यक्रम ठेवू नये. वाळूवर प्लास्टिकच्या पाकळ्या, थर्माकोल आणि उडणारे कंदील टाळावेत. अक्षतांचे तांदूळ आणि खऱ्या फुलांच्या पाकळ्या पुरतात.

विधी वाळूवर की अंगणात?

हवा, वाळू आणि होम यांचं जमत नाही. वाऱ्यावर समिधा नीट पेटत नाहीत, ठिणग्या शालूवर येतात. अंतरपाटाचं शीड होतं, तो दोन उंच आणि ताकदीच्या माणसांनी धरावा लागतो. लाटांच्या गाजेत मंगलाष्टकं तिसऱ्या रांगेच्या मागे पोचत नाहीत.

म्हणून विभागणी करणं सोपं जातं. पुण्याहवाचन, कन्यादान, होम, सप्तपदी बंगल्याच्या अंगणात किंवा वाडीत, सावलीत. अंतरपाट, मंगलाष्टकं आणि माळा तेवढ्या वाळूवर, अर्ध्या-पाऊण तासात. पुढे-मागे करायचा हा क्रम भटजींशी आधी बोलून घ्यावा. जेवण पुन्हा अंगणात. असं केलं तर किनाऱ्यावर जड मांडव लागत नाही, परवानगीचा पसारा कमी होतो आणि अचानक ढग आले तरी लग्न थांबत नाही. वाळूवर फक्त सतरंज्या, वयस्करांसाठी दहा-बारा खुर्च्या आणि एक बॅटरीवर चालणारा माइक पुरतो. खुर्चीचे पाय वाळूत रुततात, त्याखाली फळ्या टाकाव्यात.

स्वयंपाकाला शहरातून केटरर नेण्यापेक्षा गावातला बचत गट बघावा. उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, सोलकढी हे त्यांचं रोजचं काम. पैसा गावात राहतो आणि शेजारची वाडी तुमच्या बाजूने उभी राहते. आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरी लाडू आणि आमंत्रण दिलं की रात्री नऊच्या सनई-ढोलकीबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही.

नोंदणी कुठे होते?

महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाह नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. त्यावर साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या सह्या लागतात. पाहुणे पांगायच्या आधी, बंगल्यावरच या सह्या घेऊन टाकाव्यात.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावं लागतं. पुण्या-मुंबईच्या जोडप्याला दोन दिवसांसाठी अलिबागला जाऊन तिथे रजिस्टर लग्न लावता येत नाही. ते काम आपल्या जिल्ह्यात उरकावं आणि किनाऱ्यावर फक्त समारंभ करावा.

थोडक्यात क्रम

आधी चार-पाच सोयीच्या तारखा काढाव्यात. प्रत्येकीसमोर तिथी, भरतीची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ लिहावी. ज्या तारखेला मुहूर्ताच्या वेळी पाणी उतरतं किंवा पूर्ण ओहोटी आहे, ती ठेवावी. मग त्या तारखेला मिळणारा बंगला, मग ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं, आणि शेवटी फुलं, फोटोग्राफर, कपडे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि अनामत भरल्यावर त्यांना कळतं की त्या संध्याकाळी त्यांच्या मांडवाच्या जागेवर समुद्र असणार आहे.