लष्करी रायफलीचे पुनःस्थापन आणि 'मूळ' रूपाचा प्रश्न

जुन्या, झिजलेल्या व फेरफार झालेल्या लष्करी रायफलीस तिचे मूळ रूप परत देण्याचा उद्योग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका या देशांत चांगलाच रुजलेला आहे. त्यातील कारागिरीची चर्चा पुष्कळ होते. 'मूळ' रूप म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न मात्र बहुधा सुटलेला आहे असे गृहीत धरले जाते. पाठचिकित्सेशी परिचय असणाऱ्यास हा प्रश्न नवखा वाटणार नाही. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या, प्रत्येकीत निरनिराळ्या हातांनी घातलेली भर, आणि संपादकापुढे उभा राहणारा पेच, हे सारे लोखंड व लाकूड यांच्या बाबतीतही तसेच घडते. ली-एनफील्ड या सुप्रसिद्ध रायफलीच्या आधारे याचा विचार करता येईल.

या रायफलीचा आखूड नमुना ब्रिटिश सैन्याने १९०२ मध्ये स्वीकारला आणि त्याची तिसरी आवृत्ती, म्हणजे 'मार्क तीन', १९०७ मध्ये आली. नळी सुमारे २५.२ इंच लांबीची, पेटीत दहा काडतुसे. एनफील्ड, बर्मिंगहॅम, लंडन, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील ईशापूर येथे ती तयार होत असे. १९१० मध्ये टोकदार गोळीचे नवे काडतूस आले, तेव्हा पल्ला दाखविणाऱ्या पट्टीवरील आकडे बदलावे लागले. पुढे महायुद्धाची निकड निर्माण झाली. १९१६ मध्ये मान्य झालेल्या 'मार्क तीन तारांकित' या आवृत्तीतून, दूरच्या जमावावर सांघिक मारा करण्यासाठी डाव्या बाजूस बसविलेली नेमपट्टी, पेटीतील काडतुसे रोखून धरणारी 'कट-ऑफ' नावाची आडवी पट्टी आणि वाऱ्याच्या हिशेबाने मागील नेम बाजूला सरकविण्याची सोय, ही तिन्ही गाळण्यात आली. काही रायफलींच्या धडावर कट-ऑफची खाच मात्र तशीच राहिली. जुन्या उच्चाराची खूण लेखनात उरावी, तशी.

आता १९१२ साली घडविलेली एखादी रायफल युद्धकाळात दुरुस्तीस आली आणि सांघिक माऱ्याची पट्टी गमावून बाहेर पडली, असे समजू. तिचे मूळ रूप १९१२ चे की दुरुस्तीनंतरचे? ती पट्टी पुन्हा बसविणारा जाणकार आपण रायफलीवरील अन्याय दूर केला असे मानतो. परंतु ती पट्टी काढण्याचा निर्णय सैन्याचाच होता, आणि ज्या रूपात ती रायफल खंदकात वापरली गेली ते रूप त्या निर्णयानंतरचे होते. या दृष्टीने पाहता पुनःस्थापनेने इतिहास परत येत नाही, उलट त्यातील एक पान फाडले जाते.

दस्त्याच्या मुळाशी धातूचा जो पट्टा असतो त्याच्या उजव्या अंगास मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष व आवृत्ती कोरलेली असते. यास रायफलीची पुष्पिकाच म्हणावे. मोठ्या दुरुस्तीनंतर काही कारखाने 'एफ. टी. आर.' ही अक्षरे व वर्ष ठोकीत. म्हणजे पुष्पिकेखाली दुसऱ्या लेखकाची पुष्पिका येई. काचकागदाने घासून चकचकीत केलेल्या दस्त्यावरून असे लाकडातील शिक्के प्रथम नाहीसे होतात, आणि एकदा गेलेले पुन्हा मिळत नाहीत.

भारतातील रायफलींच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिकच आहे. ईशापूरला काही रायफलींच्या नळीतील पाचही चर खरवडून काढून त्यांना .४१० मापाच्या गुळगुळीत नळीच्या, एका वेळी एकच बार टाकणाऱ्या बंदुका केले गेले. पहारा व पोलिस यांच्यासाठी ही योजना होती, आणि पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसविला जाई. हातबॉम्ब फेकण्यासाठी नेमलेल्या रायफलींच्या पुढच्या भागावर तार गुंडाळीत. ही तार सोडून टाकणे किंवा चर असलेली दुसरी नळी बसविणे शक्य आहे. परंतु मग हाती राहते ती कोणाची रायफल? .३०३ रायफल भारतीय पोलिसांच्या हातात फार उशिरापर्यंत होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही काही शिपायांजवळ तीच होती. अशा एखाद्या शस्त्रास १९१६ च्या रूपात नेणे म्हणजे त्यावरील पुढची नव्वद-ब्याण्णव वर्षे पुसणे होय.

शिकाऱ्यांनी केलेल्या मोडतोडीचा प्रकार वेगळा आहे. युद्धोत्तर काळात परदेशांत या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी नळीखालचे लाकूड अर्ध्यावर कापले, वरचे काढून टाकले, प्रसंगी नळीही आखूड केली आणि दुर्बिणीसाठी धडाला भोके पाडली. भारतात .३०३ हे माप खासगी परवान्यास वर्ज्य असल्याने हा प्रकार येथे तितकासा झाला नाही. येथे सैन्याचा हेतू नसतो, लष्करी शस्त्राच्या इतिहासाशी संबंधही थोडा; म्हणून हे फेरफार उलटविण्यास आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही.

तरीही काम सोपे नाही. बदली लाकूड नुसते बसून चालत नाही. धडामागील खांद्यांशी ते घट्ट टेकले पाहिजे, कारण बाराचा धक्का तेथेच सोसला जातो. ते सैल असल्यास लाकूड चिरते आणि नेम भटकतो. बोल्ट व धड यांवर एकच क्रमांक असतो, कारण ती दोन्ही एकमेकांस घासून जुळविलेली असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातल्यास काडतुसाच्या कडेसाठी असलेली जागा .०६४ ते .०७४ इंच या मर्यादेत राहते की नाही हे मोजून पाहावेच लागते. ती वाढल्यास पितळी खोळ फाटण्याचा धोका असतो. धातूच्या काळेपणाचीही हीच गत. जुन्या पद्धतीत आम्लयुक्त द्रावण लावून गंज चढू देत, उकळत्या पाण्यात तो काळा करीत, तारेच्या ब्रशाने झाडीत आणि हे अनेक वेळा करीत. उष्ण क्षारांच्या कुंडात बुडवून मिळणारी झगझगीत काळी झाक सुंदर दिसते, पण ती त्या काळची नव्हे.

खरा धोका क्रमांकांबाबत आहे. 'सर्व क्रमांक जुळणारी' रायफल अधिक किमतीस विकली जात असल्याने जुने आकडे घासून नवे ठोकण्याचा मोह होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, जेथे पाठ पूर्ण निश्चित नाही तेथे त्याखाली नागमोडी रेषा दिलेली आहे. सुकथनकरांनी घालून दिलेली ही शिस्त बंदूकसाजालाही पेलण्यासारखी आहे. आत, लाकडाखाली जेथे डोळा पोहोचत नाही अशा जागी, नव्या भागावर दुरुस्तीचे वर्ष कोरावे. कापून टाकलेले जुने लाकूड फेकून न देता चिठ्ठी लावून सोबत ठेवावे. काही संग्राहक असे करतातही, बहुसंख्य मात्र करीत नाहीत.