निवाऱ्याचा समन्वय : एका विद्येची घडण



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना लढाईचे वर्णन संपले की हमखास विचारीत, ‘सैन्याच्या मुक्कामाची व्यवस्था कोणी लावली?’ आम्हांला त्या वयात तो प्रश्न विनोदी वाटे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी वडोदऱ्यातील आमच्या घराच्या भिंती हादरल्या, सायंकाळपर्यंत कच्छची वार्ता आली, आणि त्या प्रश्नाचा अर्थ मला उमगू लागला. आम्ही काही मित्रांनी दोन दिवसांत जुने कपडे, भांडी व बिस्किटे जमवून एक ट्रक भुजच्या दिशेने पाठवला. काय हवे, कोठे हवे, आमच्या आधी तेथे काय पोचले आहे, हे कोणी कोणास विचारले नाही. आठवड्याने परतलेल्या चालकाने सांगितले, की रस्त्याच्या दुतर्फा कपड्यांचे ढीग पडले आहेत आणि गुरे त्यांत तोंड घालीत आहेत.

आपद्ग्रस्तांच्या निवाऱ्याचे नियोजन आणि समन्वय हे शिकण्याचे शास्त्र आहे, ही जाणीव जगालाही फार जुनी नाही. स्थूलमानाने तिचा आरंभ १९७० च्या दशकात दिसतो. २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. मदत उदंड आली. तीत पश्चिम जर्मनीतून आलेली, फेसाळ प्लास्टिकपासून जागेवरच ओतून तयार होणारी घुमटाकार घरेही होती. हा प्रयोग १९७० साली तुर्कस्तानात आणि पेरूमध्ये होऊन गेला होता. तंत्रज्ञांना त्याचे मोठे कौतुक. परंतु मानाग्वाजवळ हे घुमट उभे राहीपर्यंत महिने लोटले आणि त्यांतील बरेच रिकामेच राहिले. बेघर माणसे तोवर आप्तांच्या घरी गेली होती, किंवा ढिगाऱ्यातील लाकूड-पत्रा काढून आपल्याच जागेवर आडोसा उभारून राहिली होती. घर गेलेला माणूस हात जोडून बसलेला असतो, हे चित्र मदत देणाऱ्याच्या मनातले, प्रत्यक्षातले नव्हे.

हे ज्यांनी बारकाईने पाहिले, त्यांत दोन नावे प्रमुख आहेत. एक इंग्रज वास्तुविशारद इयान डेव्हिस आणि दुसरा अमेरिकेतील टेक्सासचा अभियंता फ्रेड क्यूनी. क्यूनीने १९७१ साली डॅलस येथे ‘इंटरटेक्ट’ ही सल्लागार संस्था काढली. मानाग्वानंतर त्याने मसाया येथे निर्वासितांची छावणी आखली, ती लष्करी शिस्तीच्या सरळ रांगा मोडून. मधे मोकळे अंगण आणि सभोवती थोडे तंबू, अशी त्याची रचना होती. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अंगण सामायिक असले की शेजारी एकमेकांची मुले सांभाळतात आणि स्वच्छताही राहते. रांगेतल्या तंबूपुढची जागा कोणाचीच नसते.

४ फेब्रुवारी १९७६ रोजी ग्वाटेमालात याहून मोठा भूकंप झाला. सुमारे २३ हजार माणसे मेली आणि दहा लाखांवर बेघर झाली. कच्च्या विटांच्या भिंती आणि त्यांवरील जड कौलारू छपरे यांनी झोपेतल्या माणसांना मारले. तेथे ऑक्सफॅम आणि ‘वर्ल्ड नेबर्स’ या संस्थांनी इंटरटेक्टच्या सल्ल्याने घरे बांधून दिली नाहीत. त्यांनी छपराचे पन्हळी पत्रे सवलतीच्या दराने विकले, गावोगावच्या गवंड्यांना भिंतीचे कोपरे कसे जखडावेत आणि तिरपे आधार कोठे द्यावेत हे शिकवले, व निरक्षरांसाठी चित्रांच्या पुस्तिका काढल्या. या कार्यक्रमाला दिलेले ‘कुचुबाल’ हे नाव तेथील माया लोकांच्या भाषेतले. परस्परसाहाय्य असा त्याचा भाव. आपल्या खेड्यांतील ‘सावड’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा वाटतो. आपद्ग्रस्ताला पत्रे विकत द्यावेत याचा अनेकांना राग आला. मला मात्र त्यात त्याच्या स्वाभिमानाची कदर दिसते.

या अनुभवांतून १९७८ साली डेव्हिस यांचा ‘शेल्टर आफ्टर डिझास्टर’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच नावाची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका १९८२ साली. निवारा उभारण्याची पहिली साधनसंपत्ती म्हणजे वाचलेल्यांची, त्यांच्या आप्तेष्टांची स्वतःची उमेद, असे तत्त्व तीत अग्रभागी मांडले होते. १९८३ साली क्यूनीचा ‘डिझास्टर्स अँड डेव्हलपमेंट’ आला. पुढे एप्रिल १९९५ मध्ये चेचन्यातील युद्धात तो बेपत्ता झाला.

पुस्तके झाली, तरी त्यांतले शिकवणे प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले ते मराठी माणसाला सांगावयास नको. जाड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवण्यात आली, तीही पुष्कळदा नगररचनेच्या चौकटीत. रुंद रस्ते, सुटी घरे, एकसारखे भूखंड. भाऊबंदांची वस्ती, गोठा, वाड्याचा आडोसा यांची मोजदाद त्या आराखड्यांत झाली नाही. याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा बोलला जात नाही. कमी हानी झालेल्या गावांत लोकांनी आपल्याच घरांची दुरुस्ती करून ती मजबूत करावीत, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड बसवावेत, यासाठी पैसे व तांत्रिक सल्ला दिला गेला. गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. माझ्या मते मराठवाड्याने जगाला दिलेला धडा नव्या गावांत नसून या दुरुस्तीत आहे. कच्छमध्ये तो उपयोगी पडला; तेथे बहुसंख्य घरे मालकांनीच बांधली आणि अभियंत्याने काम तपासल्यावर पैशाचा पुढचा हप्ता मिळे.

तरीही समन्वयाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न उरलाच होता. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मदतकार्याची क्षेत्रवार विभागणी ठरली. निवाऱ्याच्या क्षेत्रात युद्धजन्य विस्थापनाची धुरा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे आली, आणि नैसर्गिक आपत्तीत सर्वांना एकत्र आणण्याचे काम रेडक्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारले. ही व्यवस्था कागदावर उतरते न उतरते तोच, ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरचा भूकंप झाला. एकट्या पाकिस्तानच्या बाजूला ७३ हजारांवर मृत्यू, सुमारे पस्तीस लाख बेघर, आणि हिवाळा दाराशी. आलेले पुष्कळसे तंबू त्या थंडीचे नव्हते. तेव्हा प्रत्येक कुटुंबाला निदान एक उबदार खोली, हे सूत्र धरून पत्रे व अवजारे डोंगरांवर पोचवण्यात आली, वासे ढिगाऱ्यातलेच.

यानंतर महासंघ आणि उच्चायुक्तालय यांनी समन्वयकांचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले. तेथे विटा रचणे शिकवीत नाहीत. समन्वयक, माहिती सांभाळणारा, तांत्रिक सल्लागार अशी तुकडी घडवतात. कोणती संस्था, कोठे, काय करीत आहे याचा तक्ता रोज कसा अद्ययावत ठेवावा. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा हे मान गृहीत धरताना स्थानिक रीत कशी पाहावी. भाडेकरू आणि जमिनीचा कागद नसलेले कुटुंब यादीतून का सुटते, असे त्याचे विषय. समन्वयकाजवळ स्वतःचा माल नसतो आणि हुकूम देण्याचा अधिकारही नसतो. शंभर संस्थांच्या बैठकीत केवळ विश्वासार्ह माहितीच्या जोरावर त्याला आपले म्हणणे पटवावे लागते. मला हे काम मुख्याध्यापकाच्या कामाहूनही अवघड वाटते, आणि समोर मुख्याध्यापक बसले असताना मी हे म्हणतो आहे.

आमच्या ट्रकचालकाची एक गोष्ट सांगायची राहिली. भचाऊच्या अलीकडे एका वाडीत तो थांबला. तेथील लोकांनी पडक्या घरांतले वासे काढून तीन-चार खोपटी उभी करायला घेतली होती. कपडे त्यांनी घेतले नाहीत. गठ्ठ्यांना बांधलेला दोर मात्र मागून घेतला.