‘बाळ लगेच रडलं नाही’ : एका ओळीचा दीडशे वर्षांचा इतिहास

पेट-नेटच्या तयारीतून थोडा वेळ काढा. मागच्या लेखात आपण नमुना निवडीचं गणित पाहिलं होतं. आज सूत्रं नाहीत. आज एका प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो प्रश्न मला एका शेजारणीने विचारलाय.

आमचं घर जालना एमआयडीसीला लागून आहे. बाबा रोलिंग मिलमध्ये होते. सुट्टीत घरी गेले की गल्लीतली मंडळी काही ना काही कागद वाचायला घेऊन येतात. ‘पीएचडी करते म्हणजे हिला सगळंच कळतं’ असा एक समज आहे, तुमच्याकडेही असेल! यावेळी शेजारच्या वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन आल्या. मुलगा अडीच वर्षांचा. अजून आधाराशिवाय बसत नाही, उभं केलं की पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. फाईलवर निदान होतं ‘सेरेब्रल पाल्सी’. त्याखाली जन्माच्या माहितीत एकच ओळ: ‘जन्मानंतर लगेच रडला नाही’.

“ताई, कळा सुरू झाल्यावर मी दोन तास घरीच थांबले. हे सेकंड शिफ्टला होते. सासूबाई म्हणतात तेव्हाच निघाली असतीस तर पोरगं आज पळालं असतं. खरंय का?”

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पण ‘अमुक झालं म्हणून तमुक झालं का’ हा प्रश्न तर आपल्याच खात्यातला. म्हणून वाचायला बसले.

आधी थोडक्यात, सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय ते. एकच एक आजार असं त्याचं स्वरूप नाही. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी वाढत्या मेंदूला इजा झाली, किंवा मेंदूची घडणच वेगळी झाली, आणि त्यामुळे हालचाल आणि शरीराची ठेवण कायमची बिघडली, तर त्या सगळ्याला मिळून हे नाव आहे. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. कुणाचे हातपाय ताठ असतात, कुणाचे आपोआप वळवळत राहतात. मुलाची बुद्धी मात्र शरीराकडे पाहून ठरवू नका, ती चूक फार जणांनी केलीय.

आता १८६१ सालात चला. लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल नावाचा अस्थिशल्यचिकित्सक प्रसूतिशास्त्राच्या सभेत निबंध वाचतो. या माणसाचं स्वतःचं पाऊल लहानपणापासून वाकडं होतं. ते त्याने जर्मनीत जाऊन स्ट्रोमायर या सर्जनकडून शिरा कापून सरळ करून घेतलं आणि मग तीच विद्या इंग्लंडात आणली. लिटलचं म्हणणं होतं की अडलेलं बाळंतपण, वेळेआधीचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांचा मुलाच्या शरीरावर आणि मनावर कायमचा परिणाम होऊ शकतो. दाखला म्हणून त्याने शेक्सपिअरचा दिवस भरण्याआधी जन्मलेला रिचर्ड तिसरासुद्धा आणला! या ताठर हातापायांच्या आजाराला पुढे कित्येक वर्षं ‘लिटलचा आजार’च म्हणत.

तेव्हा ही फार मोठी झेप होती, यात वाद नाही. पण लिटलकडे कोण येत होतं, बघा. ज्यांचे पाय ताठ आहेत ती मुलं. त्यांच्या आयांना तो विचारायचा, बाळंतपण कसं झालं? ज्यांचं बाळंतपण अडलं आणि मूल पुढे धडधाकट पळायला लागलं, त्या आया अस्थिरोगाच्या दवाखान्यात कशाला येतील? म्हणजे अंश मोजला आणि छेद दवाखान्याबाहेरच राहिला. शिवाय आजारी मुलाची आई बाळंतपणाचा मिनिटन्‌मिनिट आठवत बसते, निरोगी मुलाची आई विसरून जाते. तुमच्या प्रबंधात प्रश्नावली असेल तर हे दोन मुद्दे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का दिला तो सिग्मंड फ्रॉइडने. हो, तोच, मनोविश्लेषणवाला. त्याआधी तो व्हिएन्नात मज्जाविकारांचा डॉक्टर होता, लहान मुलांच्या पक्षाघातावर त्याने बरंच काम केलं होतं आणि १८९७ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याने म्हटलं, तशाच अवघड बाळंतपणातून जन्मलेली कितीतरी मुलं ठणठणीत असतात. आणि या मुलांना हालचालीशिवाय फिट्स, बुद्धीचे प्रश्न असं बरंच काही सोबत असतं. मग असं तर नसेल, की बाळात गर्भातच काही बिघडलेलं होतं आणि अवघड बाळंतपण हे त्या बिघाडाचं लक्षण होतं?

हे समजायला मला फ्रॉइडपेक्षा बाबांचा जास्त उपयोग झाला. लालबुंद बिलेट रोलमधून जाताना कधी सळईला चीर पडते. चीर दिसते रोलिंगला, म्हणून शिव्या खातो त्या शिफ्टचा माणूस. पण भंगारातून गंधक जास्त आलं असेल आणि ते फर्नेसमधून तसंच पुढे गेलं असेल, तर ते पोलाद गरम असताना तडकणारच. रोलवर फक्त चीर उघडी पडली. म्हणून तर ओतण्याआधी हीटचा नमुना तपासायला पाठवतात. फ्रॉइडचं म्हणणं एवढंच होतं: चीर कुठे दिसली ते सांगू नका, हीटचा नमुना दाखवा.

पण नमुना होताच कुठे? फ्रॉइडकडेही दवाखान्यात आलेलीच मुलं होती. त्याची शंका बरोबर असली तरी सिद्ध करायला आकडे नव्हते, आणि लिटलचं सोपं उत्तर पुढची साठ-सत्तर वर्षं चालत राहिलं.

तो नमुना अमेरिकेत तयार झाला. १९५९ ते १९६६ या काळात तिथल्या १२ वैद्यकीय संस्थांनी सुमारे ५४,००० गर्भारपणांची नोंद केली. बाळंतपण व्हायच्या आधी! मग प्रत्येक मूल ७ वर्षांचं होईपर्यंत पाठपुरावा केला. विचार करा, आपण तीन महिन्यांत डेटा मिळाला नाही तर गाइडकडे रडत जातो. कॅरिन नेल्सन आणि जोनस एलेनबर्ग यांनी या नोंदींवर जे काम केलं ते संशोधनपद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं.

जन्मल्यावर बाळाचा रंग, श्वास, ठोके, हालचाल, प्रतिसाद पाहून १० पैकी गुण देतात, त्याला ॲपगार म्हणतात. १९८१ च्या त्यांच्या निबंधात दोन्ही बाजूंनी मोजणी आहे. पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी ५५ टक्के मुलांना पहिल्याच मिनिटाला ७ ते १० गुण होते, पाचव्या मिनिटाला तर ७३ टक्के मुलांना. म्हणजे बहुतेकांची सुरुवात बरी होती. आता उलट बाजू. जन्मून १० मिनिटं किंवा जास्त वेळ होऊनही ज्यांचे गुण ३ च्या वर गेले नाहीत आणि तरी जी जगली, अशी ९९ मुलं होती. त्यातल्या १२ मुलांना सेरेब्रल पाल्सी झाली. उरलेल्या ८७ जणांना झाली नाही. लिटलला न दिसलेली मुलं हीच.

१९८६ मध्ये त्यांनी गर्भारपणापासून जन्मापर्यंतचे सगळे घटक एकत्र मांडले. सेरेब्रल पाल्सी झालेल्या १८९ मुलांपैकी २१ टक्के मुलांमध्येच गुदमरल्याची एखादी तरी खूण सापडली. बाळंतपणाआधीच माहीत असलेल्या गोष्टींवरून जेवढा अंदाज येत होता, त्यात बाळंतपणाची माहिती मिळवल्यावर फारशी भर पडत नव्हती.

याचे पडसाद वैद्यकीय व्यवहारात उमटले. पोटातल्या बाळाचे ठोके यंत्रावर सतत पाहायचे, जरा गडबड दिसली की सिझर करायचं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी हटेल अशी मोठी आशा होती. सिझर वाढली, आजाराचं प्रमाण मात्र हजार जन्मांमागे २ च्या आसपास बराच काळ अडून राहिलं. १९९६ मध्ये नेल्सन यांच्याच गटाने कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासल्या. यंत्रावर धोक्याच्या खुणा दिसलेल्या हजार मुलांमागे जेमतेम २ मुलांना हा आजार झाला होता. अलीकडे जनुकांची बाजूही पुढे आली आहे. २०२० मध्ये २५० कुटुंबांच्या अभ्यासात सुमारे १४ टक्के मुलांमध्ये जनुकीय बदलांचा हात असावा असं दिसलं.

इथे थांबून लगेच ‘म्हणजे गुदमरण्याचा संबंधच नाही’ असं लिहू नका, परीक्षक उभं करतील. हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे बाळंतपणात गुदमरणं आणि वेळेत उपचार न झालेली कावीळ यांचं ओझं आजही जास्त आहे. पण तिकडचं उत्तर इकडे तसंच लागू करण्याची चूक उपचारातही होते, आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा मुंबईतून आला.

गुदमरून जन्मलेल्या बाळाचं शरीर पहिल्या ६ तासांत थंड करायला घ्यायचं आणि ७२ तास ३३.५ अंशांच्या आसपास ठेवायचं, या उपचाराने मेंदू वाचतो असं २००५ पासूनच्या श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी दाखवलं. तिकडे तो नेहमीचा उपचार झाला, आपल्याकडेही अनेक नवजात विभागांत सुरू झाला. मग २०१५ ते २०१९ दरम्यान भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ मोठ्या रुग्णालयांत हेलिक्स नावाची चाचणी झाली. त्यात मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय होतं. ४०८ बाळं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व मिळून थंड केलेल्या गटात ५० टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के, म्हणजे फायदा नाही. नुसते मृत्यू पाहिले तर थंड केलेल्या गटात ४२ टक्के आणि दुसऱ्यात ३१ टक्के. २०२१ मध्ये हे छापून आलं.

असं का झालं? संशोधकांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण असं, की इथल्या बऱ्याच बाळांमध्ये इजा बाळंतपणाच्या बरीच आधी, हळूहळू सुरू झालेली असावी. फिट्स लवकर येत होत्या, एमआरआयवरचा नमुनाही वेगळा होता. इजा आधीच होऊन गेली असेल तर सहा तासांची मुदत कधीच संपलेली. फ्रॉइडची शंका सव्वाशे वर्षांनी शीवच्या काचपेट्यांपाशी येऊन उभी राहिली, असं मला वाचताना वाटलं.

मंडळी, कारणाचा शोध इतका गुंतागुंतीचा आहे. पण काळजीचा इतिहास या कारणासाठी थांबून राहिला नाही. १९६६ साली जन्मलेल्या मालिनी चिब यांना हा आजार होता, आणि मूल काही करू शकणार नाही असंच तेव्हा सांगितलं गेलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, शिक्षण आणि उपचार एका छताखाली. मालिनी पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आल्या आणि एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. कारण सापडलं म्हणून यातलं काहीच घडलेलं नाही.

आजचं संशोधन सांगतं की निदान ६ महिन्यांच्या आतही होऊ शकतं. बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचा व्हिडिओ, तपासणी आणि एमआरआय एकत्र पाहून. बांगलादेशच्या नोंदवहीत निदानाचं सरासरी वय ५ वर्षांच्या आसपास निघालं, यावरून अंतर लक्षात येईल. आपल्याकडे मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना त्यातच आहे. उपचारांबद्दल पुरावा असा, की दुसऱ्याने नुसते हातपाय ताणून देण्यापेक्षा मुलाने स्वतः धडपडून एखादं खरं काम, घास तोंडात घालणं, स्टुलावर बसणं, पुन्हा पुन्हा करणं जास्त उपयोगी. स्टेम सेलच्या जाहिराती वहिनींच्या मोबाइलवरही आल्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी तो प्रयोगाबाहेर, पैसे घेऊन देता येत नाही. ते मी त्यांना दोनदा सांगितलं.

दोन तासांबद्दल काय सांगितलं? जे आकडे सांगतात तेच. या मुलाच्या बाबतीत कारण काय होतं हे त्या एका ओळीवरून कुणालाच ठरवता येणार नाही, सासूबाईंनाही नाही. लगेच न रडलेली बहुसंख्य मुलं पुढे चालतात, आणि लगेच रडलेल्यांपैकी काही चालत नाहीत. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हे तुम्ही त्यांच्यासमोर सांगाल का?” सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते माहीत नाही.

मग मी फाईल पुन्हा चाळली. त्यात एमआरआय होता, रक्ताचे महागडे रिपोर्ट होते, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी विचारलेला जन्माचा इतिहास होता. खुब्याचा एक्स-रे नव्हता. या मुलांपैकी साधारण तिघांत एकाचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो, आणि जी मुलं चालत नाहीत त्यांना धोका सगळ्यात जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवलं, तर खुबा निखळण्याचं प्रमाण जवळपास संपलं.

कागदावर ‘खुब्याचा एक्स-रे, अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा’ एवढं लिहून दिलं. वहिनींनी तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावला आणि विचारलं, “सोमवारी ह्यांची सुट्टी आहे, सोमवारी नेऊ का?”