उजवीकडचा मनोरा

औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, तुम्ही खिडकी लावून घेता, कारण ओट्यावर राखेची बारीक पूड बसू लागली आहे. हातात गोव्याहून कुणीतरी आणलेला चहाचा मग. त्यावर जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा तपकिरी फोटो: रुंद दर्शनी भिंत, डावीकडे एक मनोरा, उजवीकडे नुसतं आभाळ. हे चित्र वरून चिकटवलेलं नाही. कागदावरची शाई तापली की कापरासारखी थेट वाफ होते आणि मगावरच्या लेपात शिरते. तुम्हीही शिरा. वाट त्या उजवीकडच्या आभाळातून आहे.

पायाखाली लाल माती लागते. 1890 चा सुमार. तिवईवर कॅमेरा, काळ्या कापडाखाली वाकलेला माणूस. त्याला गर्दी हटवावी लागत नाही. साथींनी हे शहर ओस पाडलं, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या बाजूला राहायला गेला, 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. एके काळी रस्ते होते तिथे आता माड आहेत. माणूस पेटी मिटतो. मगावरचा फोटो इथवरच पोचतो. तुम्ही मात्र मागे चालत राहा.

1776. आता मान वर करा: उजवीकडेही मनोरा आहे! दोन मनोऱ्यांमधली भिंत एकदम तोलात दिसते, आणि मगावरच्या त्या रुंद, एका अंगाला कललेल्या रूपाचं कोडं सुटतं. नीट बघून घ्या, कारण याच वर्षी तो कोसळणार आहे आणि पुन्हा कुणी बांधणार नाही. छायाचित्रणाचा शोध लागायला अजून अर्धशतक आहे, त्यामुळे या जोडमनोऱ्यांचा फोटो जगात कुठेही मिळणार नाही.

भिंतीला हात लावा. गिलाव्याखाली जांभ्याचे चिरे आहेत. खाणीतून निघताना हा दगड मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो, पण गोव्याच्या पावसात उघडा राहिला की झिजतो. म्हणून चुन्याचा गिलावा, म्हणून पुन्हा पुन्हा सफेदी. पांढरी भिंत पांढरी ठेवायला किती हात राबतात, हे ऊर्जानगरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

1683 चा नोव्हेंबर. शहरात घबराट आहे. मांडवीच्या वरच्या अंगाला जुवे बेटावर संभाजीराजांची माणसं उतरली आहेत. व्हाइसरॉय ताव्होरा शेजारच्या बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवतो. शहर वाचतं. पुढच्याच वर्षी हाच ताव्होरा हुकूम काढतो: तीन वर्षांत इथली भाषा सोडा, पोर्तुगीज बोला.

आणखी मागे, 1652. आतल्या वेद्या आत्ता कुठे पुऱ्या झाल्या आहेत आणि याच वर्षी कुंकळ्ळीत ओतलेली प्रचंड घंटा तयार होते. तिच्या गोड नादामुळे तिला सुवर्णघंटा म्हणतात. तो नाद खरंच सुंदर आहे, पण तो ऐकताना मान वळवा: कॅथेड्रलजवळच्या त्या मोठ्या वाड्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय आहे. तिथल्या शिक्षा जाहीर व्हायच्या दिवशी हीच घंटा वाजे, असं सांगतात. नाद आणि वाडा यांतलं एक सोडून दुसरं लक्षात ठेवणं मला जमत नाही.

1616. राशोलला छापखाना चालू आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स रोमन लिपीत ख्रिस्तपुराण छापतो आहे: मराठी भाषा, ओवीचा छंद, दहा हजारांहून जास्त ओव्या. कॅथेड्रलचं मुख्य बांधकाम 1619 मध्ये संपेल, त्याच वर्षी स्टीफन्सही जाईल. मराठी वाचकाने इथे थोडं थांबायला हवं.

शेवटचा टप्पा, जुलै 1583. कॅथेड्रलचं काम 1562 पासून चालूच आहे, पण तुम्ही त्याच्यापासून दूर, साष्टीत आहात. देवळं पाडली गेल्याने संतापलेल्या कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मारले आहेत. मृतदेह आणायला आलेल्यांत स्टीफन्स आहे, पुढे मराठीत ओव्या रचणारा. मग पोर्तुगीज गावच्या प्रमुख गावकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावतात आणि मारून टाकतात. सुवर्णघंटा ओतली जाईल ती याच गावात, एकोणसत्तर वर्षांनी. कुंकळ्ळीकरांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि गावकरांपैकी एकजण नदीत उडी टाकून निसटला, असं कुंकळ्ळीत आजही सांगतात.